चार तळहात जमीन

मोटारगाडी कितीही मोठी असो, जमिनीशी तिचा संबंध फार थोडा असतो. साधा हिशेब करून पाहावा. साडेसहाशे किलोची लहान गाडी आणि आत दोन-तीन माणसे मिळून आठशे किलो वजन धरू. टायरात तीस पौंड हवा असेल, तर एका चौरस सेंटिमीटरला दोन किलोंच्या थोडा वर भार पेलला जातो. भागाकार केला की उत्तर येते सुमारे ३८० चौरस सेंटिमीटर. ते चार चाकांत वाटले की एका चाकाच्या वाट्याला पंच्याण्णव, म्हणजे बोटे सोडून आपला तळहात असतो तेवढी जागा. बाकी सारी गाडी, तिचा रंग, तिची गाणी आणि मागच्या काचेवर लिहिलेला आईचा आशीर्वाद, हे सगळे अधांतरी. आपल्या गावाला जमिनीच्या हद्दीचे वाद नवे नाहीत. पण या चार तळहात जमिनीवर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्यांचा जीव सारखाच टांगलेला असतो, आणि तिच्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडाची पट्टी असे. तिला आपल्याकडे ‘धाव’ म्हणतात. किती नेमका शब्द! लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करी, चाकावर चढवी आणि वरून पाणी ओती. निवताना ती आवळून बसे. अशी धाव वर्षानुवर्षे टिके. पण ती रस्त्याला धरत नसे, रस्त्यावरून नुसती खडखडत जाई. बैलाच्या चालीला तेवढे पुरे होते. पुढे १८३९ साली चार्ल्स गुडइयरला रबर आणि गंधक एकत्र तापवण्याची युक्ती सापडली. १८४५ साली रॉबर्ट थॉमसनने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले आणि जग ते विसरूनही गेले. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधून काढली. गुरांच्या या डॉक्टरचे नाव पुढे आपल्याकडे बैलांच्याच मागे लागले. रबरी चाकांच्या बैलगाडीला खेड्यापाड्यांत ‘डनलॉप’ म्हणू लागले. असा योग सहसा जुळून येत नाही.

लोखंडी धाव आणि रबरी टायर यांतला खरा फरक मला असा वाटतो की धाव टिकण्यासाठी असते आणि टायर झिजण्यासाठी. रस्त्याच्या खडीला रबर बिलगते, तिच्या फटींत शिरते, ओढले जाते, तापते आणि कणाकणाने तिथेच राहून जाते. या बिलगण्यालाच आपण पकड म्हणतो. म्हणजे झिजणे हा टायरचा दोष नसून धर्म आहे. आणि आपण मध्यमवर्गीय माणसे दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारतो? “किती टिकेल?”

हा प्रश्न माझ्यापुढे यंदा पावसाळ्याच्या तोंडावर उभा राहिला. माझ्याकडे मारुती ८०० आहे, दुसऱ्या मालकाच्या नात्याने. ती दोन कामे करते. आठवड्यातून दोनदा पहाटे पाच वाजता आईला डायलिसिससाठी रुग्णालयात पोहोचवते आणि दुपारी घरी आणते. आणि वर्षातून तीन-चार रविवारी, एखाद्या मोकळ्या मैदानावर रबरी शंकू मांडून जी हौशी ऑटोक्रॉस स्पर्धा होते, तिच्यात धावते. ऑटोक्रॉस म्हणजे समोरासमोरची झुंज नव्हे. एका वेळी एकच गाडी सुटते आणि घड्याळाशी स्पर्धा करते. शंकूला धक्का लागला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवतात. वेगही फार नसतो, दुसऱ्या गिअरच्या वर क्वचितच जावे लागते. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण.

कोणी हसेल की ७९६ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या गाडीने कसली शर्यत? त्यांनी कोइमतूरच्या करिवर्धन यांची आठवण ठेवावी. १९८८ च्या सुमारास त्यांनी याच इंजिनावर ‘फॉर्म्युला मारुती’ नावाची एकआसनी शर्यतीची गाडी उभी केली. अशाच गाडीवर नारायण कार्तिकेयन पहिल्यांदा शर्यतीत उतरला, आणि २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये धावणारा पहिला भारतीय झाला. भाजीची पिशवी आणि शाळेची दप्तरे वाहणारे इंजिन आणि शर्यतीचे इंजिन एकच होते. फरक होता तो बाकीच्या गोष्टींत, आणि त्यांत टायरचा क्रमांक फार वरचा.

माझ्या गाडीचे टायर आधीच्या मालकाच्या वेळचे. खाचा अजून बऱ्यापैकी खोल होत्या. पण बाजूच्या भिंतीवर, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तशा बारीक रेषा उमटल्या होत्या. माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे आणि माझ्या रविवारच्या उद्योगातला भागीदारही. तो म्हणाला, “मामा, एवढं रबर शिल्लक आहे की! कशाला नवीन घ्यायलाय तुम्ही?”

मी त्याला टायरच्या अंगावरची भाषा वाचायला लावली. १४५/७० आर १२ ६९ एस. रुंदी १४५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या सत्तर टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, रिमचा व्यास बारा इंच. ६९ या अंकाचा अर्थ एक टायर ३२५ किलो पेलतो आणि ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत त्याला परवानगी आहे. आमच्या गाडीला यातले बरेचसे स्वप्नातच. आणि एका लांबट चौकटीत शेवटचे चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्याचा माल. आमच्या टायरवरचे आकडे सहा वर्षांपलीकडचे निघाले. रबर वापराने झिजते हे सर्वांना दिसते. ते न वापरताही हवेने, उन्हाने, उष्णतेने कडक होत जाते हे दिसत नाही. भाच्याने नख रोवून पाहिले. नखच वाकले.

मग फळ्यावर न लिहिता तोंडीच एक गणित केले. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर किती अंतरात थांबेल? चांगली पकड असेल आणि घर्षणांक ०.८ धरला, तर पावणेअठरा मीटरमध्ये. टायर कडक झालेले, रस्ता ओला, म्हणून तो ०.५ वर आला, तर सव्वाअठ्ठावीस मीटर लागतात. दहा मीटरचा फरक ऐकायला फारसा वाटत नाही. पण तेच गणित उलटे करावे. ज्या जागी पहिली गाडी पूर्ण थांबली, त्याच जागी दुसरीचा वेग अजून किती असेल? ताशी ३७ किलोमीटर! एक गाडी ज्या म्हातारीसमोर थांबून हात जोडते, त्याच म्हातारीला दुसरी गाडी सायकलच्या दुप्पट वेगाने जाऊन आदळते. ब्रेक दोघींचे सारखेच. भाचा काही बोलला नाही. गाडीची किल्ली घेऊन आला.

दुकान महामार्गाच्या बाजूला आहे. मालक कन्नड, पण मराठी आपल्यासारखेच बोलतो, आणि हिशेब दोन्ही भाषांत पक्का. “बर्री सर, कूड्री,” म्हणून त्याने स्टूल पुढे केले. चहा आला आणि पर्यायांची रांग लागली.

पहिला पर्याय भाच्याचाच. रॅलीवाले वापरतात तसले खोल गोट्यांचे टायर. चिखलात आणि सुट्या मातीत ते नांगरासारखे रुततात खरे. पण डांबरावर त्याच गोट्या वळणात लवलवतात, जमिनीला टेकणारे रबर कमी पडते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की छाती धडधडते. तीन रविवारांसाठी शंभर पहाटा पणाला लावायच्या, हा हिशेब मला पटणारा नव्हता.

दुसरा पर्याय दोन संच ठेवण्याचा. शर्यतीचे वेगळे, रोजचे वेगळे. शास्त्र म्हणून उत्तम. पण त्यासाठी आणखी चार रिम, ते ठेवायला जागा आणि प्रत्येक वेळी चढवण्या-उतरवण्याचा खटाटोप. ज्याचे घर दोन खोल्यांचे आहे, त्याने शास्त्राला नमस्कार करून पुढे जावे.

तिसरा पर्याय रिट्रेडचा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रिट्रेड म्हणजे लबाडी नव्हे. एस.टी. महामंडळे आपल्या गाड्यांचे टायर रिट्रेड करून वापरतात. विमानांचे टायरसुद्धा पुनःपुन्हा रिट्रेड होतात. मात्र ते टायर त्याच हेतूने जाड बांधलेले असतात आणि त्यांची तपासणी ठरलेल्या पद्धतीने होते. लहान गाडीच्या पातळ टायरला तो थाट परवडत नाही. तीच गोष्ट जुन्या बाजारातल्या ‘थोडेच वापरलेल्या’ टायरांची. त्यांच्या आयुष्यात कोणता खड्डा येऊन गेला, हे त्यांनाच ठाऊक.

चौथा पर्याय मालकाने सुचवला. १४५/८० आर १२ हा माप जरा उंच. “पुष्कळ लोक बसवतात सर, गाडी उंच होते, खड्ड्याला बरं.” हे खरे आहे. पण गणित काय म्हणते? मूळ टायरचा व्यास ५०८ मिलिमीटर, याचा ५३७. म्हणजे जवळजवळ सहा टक्के मोठा. काटा साठ दाखवील तेव्हा गाडी साडेत्रेसष्टवर असेल. प्रत्येक गिअर तेवढाच लांबेल, म्हणजे शंकूला वळसा घालून बाहेर पडताना इंजिनाची ओढ तेवढीच कमी होईल. आधीच अडतीस-एकोणचाळीस घोडे, त्यांतले दोन आपणच बांधून ठेवायचे कशाला?

उरले दोन साधे टायर, त्याच मापाचे. एक कडक रबराचा, पंचेचाळीस हजार किलोमीटर चालेल असे मालक म्हणाला. चारांचे दहा हजार चारशे. दुसरा मऊ, पकडीचा, तीस हजारांत संपणारा. चारांचे बारा हजार आठशे. काही टायरांच्या अंगावर ‘ट्रेडवेअर’ नावाचा एक आकडा छापलेला असतो. शंभर हा पाया धरून, आकडा मोठा तितका टायर टिकाऊ आणि बहुधा तितकाच कडक. तो आकडा कंपनीच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावरून जपूनच करावी. अमेरिकेत ऑटोक्रॉसच्या साध्या गाड्यांच्या वर्गात दोनशेपेक्षा कमी आकड्याचा टायर चालत नाही. इतका मऊ टायर म्हणजे नावाला रस्त्याचा आणि मनाने शर्यतीचा, असा त्यामागचा विचार.

“स्वस्त कुठला, मामा?” भाच्याने विचारले. किलोमीटरला भागले तर कडक टायर तेवीस पैशांना पडतो आणि मऊ त्रेचाळीस पैशांना. इथे बहुतेकांचा निकाल लागतो. पण आमची गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर चालते. कडक टायर झिजायला साडेपाच वर्षांवर लागतील आणि त्या आधीच त्याचे रबर म्हातारे होऊ लागेल. म्हणजे टिकाऊपणासाठी पैसे मोजायचे आणि तो टिकाऊपणा उन्हात वाळवायचा. पाचव्या वर्षी बदलायचे ठरवले तर कडक संचाला वर्षाला दोन हजार ऐंशी रुपये पडतात आणि मऊ संचाला तीन हजार चारशे तेरा. फरक महिन्याला एकशे अकरा रुपये. दोन मसाला डोशांच्या किमतीत दर पहाटेची थोडी जास्त पकड मिळत असेल, तर महाग कोणता म्हणावे? रोज शंभर किलोमीटर चालवणाऱ्याचे उत्तर वेगळे येईल, आणि ते त्याच्यापुरते बरोबरच असेल. ‘किती टिकेल’ हा प्रश्न चुकीचा नाही. ‘माझ्याकडे किती टिकेल’ हा पुरा प्रश्न आहे.

मालकाने एक शेवटचा डाव टाकून पाहिला. मऊ टायरचाच एक जुना संच कोपऱ्यात होता, पंधरा टक्के सूट. चौकटीतले आकडे भाच्यानेच वाचले. तीन वर्षांपूर्वीचे! “अण्णा, हे तर आमच्या मामांसारखं झालं, दिसायला नवं,” तो म्हणाला. मालक खळखळून हसला, “हौद्री, हौद्री!” म्हणाला आणि आतून ताजा माल काढला. इंजिनीअरिंगची फी वाया जात नाही, याची मला खात्री पटली.

नवा टायर घेतला तरी रविवार आणि सोमवार यांचे भांडण मिटत नाही. आपण पी.यू.सी.च्या वर्गात शिकवतो की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते आणि भाराच्या प्रमाणात वाढते. रबर हा नियम पाळत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून कमीच वाढते. म्हणून वळणात गाडी झुकली की बाहेरच्या चाकांना जे मिळते, त्यापेक्षा आतली चाके जास्त गमावतात. दुसरे असे की पकड हा टायरचा एकूण पगार आहे. तोच ब्रेकवर खर्चायचा, तोच वळणावर. सगळा ब्रेकवर उडवला तर वळायला काही उरत नाही आणि गाडी सरळच जाते. म्हणून आधी सरळ रेषेत वेग उतरवावा, मग चाक वळवावे, हे शर्यतीचे पहिले सूत्र. चोर्ला घाटात पावसात गाडी चालवणाऱ्याचेही तेच.

पण काही ठिकाणी दोन्हींचे सूत्र जुळत नाही. ८०० ची ओढ पुढच्या चाकांना. ऑटोक्रॉसवाले म्हणतात, चांगली जोडी पुढे हवी. रस्त्यावरचे शहाणपण म्हणते, चांगली जोडी मागे हवी. कारण पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते, पण मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. यावर आमचा तोडगा साधा आहे. चारी टायर एकदम घेतले आणि ठरावीक अंतराने पुढचे-मागचे बदलत राहायचे, म्हणजे चारी बरोबर झिजतील आणि कोण थोरला, कोण धाकटा हा प्रश्नच उरणार नाही.

हवेचेही तसेच. स्पर्धेचे मैदान डांबरी किंवा सिमेंटचे असले की मी खिशात खडू ठेवतो. टायरच्या खांद्यावर आडव्या रेघा ओढायच्या, एक फेरी मारायची आणि रेघ कुठवर पुसली ते पाहायचे. बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली असेल तर टायर वळणात लोळतो आहे, हवा वाढवावी. खांद्याच्या अलीकडेच रेघ शाबूत असेल तर थोडी सोडावी. इतकी वर्षे खडू हातात धरला, पण त्याने इतके चटकन उत्तर दिल्याचे आठवत नाही. मात्र घरी निघण्याआधी हवा पुन्हा पुस्तिकेतल्या आकड्यावर आणायची. हवा कमी असली की पकड वाढते ही समजूत पावसाळ्यात घात करते. पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर बदलतो. झिजलेल्या टायरात तीस पौंड असतील तर साचलेल्या पाण्यावर हा वेग ताशी नव्वदच्या आसपास येतो आणि चोवीस पौंड असतील तर ऐंशीच्या. महामार्गावर हे वेग कोणाला परके आहेत?

आणखी दोन गोष्टी, ज्या तरुण वाचकांना कोणी सांगत नाही. खाजगी मोटारीच्या विम्यात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी या गोष्टी वगळलेल्या असतात. मैदानावर जे मोडेल ते आपल्या खिशातून. आणि सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखाली गुन्हा आहे. मैदानावर हेल्मेट असते, झेंडेवाले असतात, रुग्णवाहिका उभी असते. रात्री अकरा वाजता बायपासवर यांपैकी काही नसते, फक्त समोरून येणारा कोणीतरी असतो.

परवा सहज म्हणून आपल्या कॉलेजच्या वाहनतळावरून एक चक्कर मारली. दुचाक्यांच्या रांगा होत्या. हँडलला रंगीत आवरणे, सायलेन्सर बदललेले, दिवे लखलखीत. आणि कित्येकांची मागची चाके टकलासारखी गुळगुळीत. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर त्यांच्या बरोबरीला आला की त्याचे काम संपले, ही खूण कंपनीने मुद्दाम ठेवलेली असते. वाचायला पैसे पडत नाहीत, खाली वाकावे मात्र लागते. गाडीवर खर्च करायला हजार रुपये असतील, तर ते आवाजावर न घालता या तळहातावर घालावेत. वेगाची हौस वाईट नाही. माझीच फिटलेली नाही, तर तुमची कशी फिटेल? पण आपल्या मागे कोणी बसलेले असते. त्याने टायर निवडलेला नसतो. त्याने आपल्याला निवडलेले असते.